पद्मिनीचं इंजिन परत बसत नाही, शेवटचा अर्धा इंच अडलाय

रंकाळाकाठ | शनिवार, रात्री 10:50

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं फक्त वाचत आलो, आज मदत हवी म्हणून लिहितोय. जरा मोठं होईल, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला नेमकं काय अडलंय ते कळणार नाही.

गाडी बाबांची, 1984 ची प्रीमियर पद्मिनी. 1089 सीसी, स्टिअरिंगवरचा गिअर. ऑइल खायला लागली होती, मागून निळा धूर, आंबा घाटात दुसऱ्या गिअरवरही दम टाकायची. चार वर्षं शेडमध्ये उभी राहिली. या मार्चमध्ये ठरवलं की इंजिन घरीच उतरवायचं. रेडिएटर, कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड, सेल्फ (स्टार्टर), डायनामो सगळं सोडवून दीड दिवसात इंजिन बाहेर आलं. गिअरबॉक्स गाडीतच ठेवला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअर करून घेतलं, अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन, नव्या रिंगा, क्रँक ग्राइंड, बेअरिंग नवे, हेडचं फेसिंग. जुळणी मी केली. प्रत्येक बेअरिंग कॅप कसल्यावर क्रँक हाताने फिरवून बघितला, कुठे अडत नव्हता. इथपर्यंत मनाला समाधान होतं.

आता तिसरा शनिवार चाललाय. इंजिन चेन कप्पीवर टांगलेलं आहे, गिअरबॉक्सच्या पुढच्या टोकाखाली जॅक आहे. इंजिन सरकत सरकत मागे जातं, गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटमध्ये शिरतो आणि शेवटच्या अर्ध्या इंचावर थांबतो. आज व्हर्नियरने फट मोजली. वरच्या बाजूला 11 मिमी, खाली 14. हलवलं, डोलवलं, शेजारच्या दोघांना घेऊन ढकललं, जागचं हलत नाही. आज संध्याकाळी सहा वाजता पाना भिंतीशी ठेवला आणि अर्धा तास नुसता बसून राहिलो. बाबा व्हरांड्यातून बघत होते, तेही काही बोलले नाहीत.

आता एकच विचार डोक्यात आहे. बेल हाउसिंगचे (गिअरबॉक्सचं पुढचं, इंजिनला जोडलं जाणारं कवच) दोन लांब बोल्ट समोरासमोर लावायचे आणि थोडं थोडं कसत इंजिन ओढून घ्यायचं. चालेल का?

मिस्त्री_सांगली | शनिवार, रात्री 11:05

नाही. पाना खाली ठेवा आणि आज झोपा.

बोल्टने ओढू नका, हे मी हात जोडून सांगतो. शाफ्ट नीट रेषेत असेल तर ते इंजिन दोन हातांनी आत जातं, शेवटचा अर्धा इंच तर आपोआप ओढल्यासारखा जातो. जात नाही म्हणजे आत काहीतरी आडवं आहे. बोल्ट कसले की सगळी ताकद क्लच प्लेटच्या मधल्या भागावर किंवा बेल हाउसिंगच्या बोल्ट बसणाऱ्या कानांवर येते. ते कान अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. एक तुटला तर आज पद्मिनीचं हाउसिंग कुठे शोधणार? माझ्याकडे असा तुटलेला कान घेऊन लोक येतात, वेल्डिंग होतं, पण भोक पूर्वीच्या जागेवर राहत नाही.

स्वाती_चिंचवड | रविवार, सकाळी 7:20

वर 11 आणि खाली 14 हा आकडा तुम्ही दिलात हे फार बरं केलंत. फट खाली जास्त आहे, म्हणजे दोन्ही तोंडं समांतर नाहीत. एक तर गिअरबॉक्सचं नाक खाली झुकलंय, नाही तर तुमच्या इंजिनचं तोंड वर उचललं गेलंय. साखळी कुठे बांधलीये त्यावर इंजिन कोणत्या कोनात लटकतं ते ठरतं. आधी जॅक थोडा थोडा वर घ्या आणि फट चारही बाजूंनी सारखी होते का बघा.

पण मला खरा संशय वेगळाच आहे. क्लच प्लेट मध्यावर आणायला तुम्ही काय वापरलंत?

रंकाळाकाठ | रविवार, सकाळी 8:10

ताई, काही वापरलं नाही. डोळ्याने बघून आणि बोट फिरवून प्लेट मध्यावर आणली, मग प्रेशर प्लेटचे बोल्ट आळीपाळीने कसले. डोळ्याला बरोबर दिसत होती.

स्वाती_चिंचवड | रविवार, सकाळी 8:25

तिथेच आहे. प्रेशर प्लेट कसली की क्लच प्लेट जागच्या जागी चिमटली जाते, मग ती हलत नाही. शाफ्टला दोन ठिकाणांतून जायचं असतं, आधी प्लेटचे दाते आणि मग क्रँकच्या मागच्या टोकातला छोटा बुश, म्हणजे शाफ्टच्या टोकाला आधार देणारी धातूची नळी. प्लेट स्वतःच्या वजनाने दोन मिलिमीटर जरी खाली बसली असेल तरी शाफ्ट दात्यांत शिरतो, पण त्याचं टोक बुशच्या काठावर जाऊन टेकतं. तुमचा अर्धा इंच म्हणजे बहुतेक त्या टोकाचीच लांबी.

प्लेटची लांब बाजू गिअरबॉक्सकडे आहे ना, तेही बघा. उलटी लागली तर तिचा मधला भाग फ्लायव्हीलच्या बोल्टला घासतो आणि क्लच सुटतच नाही.

दर्यावर्दी_मडगाव | रविवार, सकाळी 9:40

माझा सल्ला वेगळा आहे. गिअरबॉक्सही खाली उतरवा, जमिनीवर दोन्ही जोडा आणि एकत्र आत सोडा. डोळ्यासमोर जुळतं, अंधारात चाचपडावं लागत नाही.

मिस्त्री_सांगली | रविवार, सकाळी 10:15

दर्यावर्दी भाऊ, जोडायला ते सोपं हे खरं. पण घरच्या शेडमध्ये एवढं लांब आणि जड धूड तिरपं करून आत घालायचं म्हणजे कप्पीला उंची हवी, खाली माणसं हवीत. त्यात गिअरच्या दांड्या, प्रॉपेलर शाफ्ट, मागची माउंटिंग सगळं सोडवायचं. एकट्या माणसाने हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

लेस्टरकर | रविवार, दुपारी 3:30 (भारतीय वेळ)

मी इंग्लंडमध्ये राहतो, माझ्याकडे जुनी एमजीबी आहे. तिच्यात इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच काढतात आणि एकत्रच घालतात, कारण पुढून वाट मोकळी मिळते. म्हणजे दर्यावर्दींचं म्हणणं चूक नाही, ते गाडीवर आणि जागेवर आहे.

तुमच्या कामाची एक गोष्ट सांगतो. इथे इंजिन उचलायची घोडी भाड्याने मिळते आणि तिच्यासोबत स्क्रूवाला आडवा दांडा येतो. स्क्रू फिरवला की इंजिनचं तोंड खाली-वर होतं. तुमच्याकडे तो नसला तरी कप्पीच्या हुकापासून इंजिनच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला दोन वेगळ्या साखळ्या लावा आणि पुढच्या साखळीत एक टर्नबकल टाका, मंडपाच्या तारा ताणायला वापरतात तसला, पण वजन पेलेल असा जाड. तो फिरवून कोन अगदी बारीक बदलता येतो. साखळी कमीजास्त कड्यांनी बांधून हे होत नाही, एका कडीने कोन फार उडी मारतो.

पुतण्या_लालबाग | रविवार, रात्री 9:15

माझ्या काकांनी मुंबईत टॅक्सीच्या गॅरेजात तीस वर्षं काम केलं. त्यांना धागा वाचून दाखवला. ते बोलले तसं लिहितो.

"त्याला सांग, घाबरू नको. फियाटचं, म्हणजे पद्मिनीचंच, इंजिन आम्ही सकाळी उतरवून संध्याकाळी चढवायचो, कारण टॅक्सी उभी राहिली की त्या माणसाचं घर अडायचं. पण आमच्याकडे जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्ट खुंटीला टांगलेला असायचा. प्लेट लावताना तो शाफ्ट आत घालायचा, बुशपर्यंत टेकवायचा, प्रेशर प्लेट कसायची, मगच शाफ्ट बाहेर. डोळ्याने मध्य कुणालाच दिसत नाही, मलाही दिसायचा नाही. शाफ्ट नसेल तर लेथवर नायलॉनचा दांडा करून घे. पुढचं टोक बुशच्या मापाचं, मागचं प्लेटच्या भोकाच्या मापाचं. दाते करायची गरज नाही.

दुसरं, इंजिन आत घालताना मागचं एक चाक उचल, गाडी टॉपमध्ये, म्हणजे चौथ्या गिअरमध्ये टाक आणि पोराला चाक हळू फिरवायला सांग. शाफ्ट फिरतो आणि दाते आपले आपण सापडतात. ढकलायचं नाही, फिरवायचं.

आणि बुश बघ. तीन आठवडे ठोकतोयस तर बुश खराब झाला असणार."

रंकाळाकाठ | पुढचा शनिवार, रात्री 8:30

काकांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी न बघता सांगितलं ते शब्दशः खरं निघालं.

आज इंजिन पुन्हा बाहेर घेतलं. प्रेशर प्लेट सोडायच्या आधी टॉर्च लावून भोकातून पाहिलं. खालच्या बाजूला बुशचं तोंड दिसत होतं, वरच्या बाजूला प्लेटचे दाते त्याच्यापुढे आलेले. सरळ समोरून पाहिलं म्हणून दिसलं, नाही तर मला तीच प्लेट आजही मध्यावर आहे असं वाटलं असतं. प्लेट काढली. तिची बाजू बरोबर होती, ताई. पण बुशच्या काठावर शाफ्टच्या टोकाने चंद्रकोर उमटवली होती. नखाने चाचपलं तर धार लागत होती, आणि भोक एका बाजूने आत दबलेलं. हे सगळं मी ढकलून ढकलून केलेलं. त्या दिवशी बोल्ट कसले असते तर काय झालं असतं ते आता कळतंय.

मूळचं काय होतं माहीत नाही, आधीच्या कुणीतरी तिथे लेथवर गनमेटलचा बुश करून बसवलेला. तो काढायचा कसा? भोक बंद, मागून काही घालता येत नाही. उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या मामांनी सांगितलं ते केलं. भोक ग्रीसने काठोकाठ भरलं, बुशमध्ये घट्ट जाईल असा लोखंडी दांडा घेतला आणि हातोडीने एक ठोका दिला. पहिल्या ठोक्याला काही नाही. पुन्हा ग्रीस भरलं, ठोकलं. तिसऱ्या वेळी बुश केसभर बाहेर आला. ग्रीसला जायला जागा नाही म्हणून ते मागून बुशलाच ढकलतं. सात-आठ ठोक्यांत बुश हातात आला. त्यामागचं जुनं काळं ग्रीस फडक्याने आणि काडीने पूर्ण काढलं, नाही तर नवा बुश तळाला बसला नसता.

नवा बुश आणि नायलॉनचा दांडा दोन्ही मामांनीच करून दिलं. माप घ्यायला मी गाडीखाली झोपून शाफ्टचं टोक व्हर्नियरने तीनदा मोजलं.

उद्या बसवतो.

स्वाती_चिंचवड | शनिवार, रात्री 8:50

उद्याच्या आधी एक काळजीची गोष्ट. कप्पी कशाला टांगलीये? घरच्या शेडचा लाकडी वासा असेल तर मी आत्ताच थांबा म्हणेन. आणि कोन बदलताना, साखळी कमीजास्त करताना इंजिनखाली हात किंवा पाय जाता कामा नये. बोट वाचवायला पुन्हा तीन आठवडे गेले तरी चालतील.

रंकाळाकाठ | शनिवार, रात्री 9:05

वासा नाही ताई. दोन इंची जाड लोखंडी पाइपची तिवई भाड्याने आणलीये, पाय साखळीने एकमेकांना बांधलेत. गाडीखाली जॅक एकटा नाही, दोन्ही बाजूंना टेकूच्या घोड्या आहेत. तरी तुम्ही विचारलंत त्याबद्दल आभार, घरात हे विचारणारं कुणी नव्हतं.

रंकाळाकाठ | रविवार, दुपारी 1:15

बसलं!!

सविस्तर लिहितो, कारण हे वाचून पुढे कुणाचा तरी एक शनिवार वाचावा.

लेस्टरकरांनी सांगितल्याप्रमाणे दोन साखळ्या, पुढच्यात टर्नबकल. गिअरबॉक्सखालचा जॅक थोडा वर घेतला. इंजिन मागे सरकवलं, शाफ्ट प्लेटमध्ये शिरला. फट 14 मिमी झाल्यावर चारही बाजूंना मोजली. वर 14, खाली 15. टर्नबकल अर्धा फेरा फिरवला, सगळीकडे 14. मग धाकट्या भावाने मागचं चाक अगदी हळू फिरवलं. मी दोन्ही तळवे सिलेंडर हेडवर ठेवून नुसता टेकलो होतो. एक मऊ, तेलकट 'थप्' असा आवाज आला आणि फट बंद. डॉवेल पिना (दोन्ही तोंडं नेमकी जुळवणाऱ्या) स्वतःहून भोकात गेल्या. बोल्ट बोटांनी फिरवून आत गेले, पाना फक्त शेवटी लागला.

तीन आठवडे ज्याच्याशी झटापट केली ते काम वीस मिनिटांत झालं. बाबा खुर्ची ओढून शेडच्या दारात येऊन बसले होते.

मिस्त्री_सांगली | रविवार, दुपारी 2:00

शाब्बास. तो 'थप्' आवाज ज्याने ऐकला तो मिस्त्री.

आता घाई नको. सुरू करायच्या आधी चारही प्लग काढा आणि सेल्फ मारा, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. नवं इंजिन आतून कोरडं असतं, पंपाला तेल उचलायला वेळ लागतो. दहा सेकंद मारा, थांबा, पुन्हा मारा. दिवा विझल्याशिवाय प्लग लावू नका.

रंकाळाकाठ | रविवार, संध्याकाळी 7:40

अडचण आली. प्लग काढून सेल्फ मारला तर इंजिन जेमतेम अर्धा फेरा फिरलं आणि डॅशबोर्डखालून धूर आला. बॅटरी लगेच सोडवली. चोकची केबल इतकी गरम झाली होती की तिच्यावरचं प्लास्टिक वितळून बोटाला चिकटलं. वायरिंग जळालं असेल का? आज मन खट्टू झालंय, खरंच.

पुतण्या_लालबाग | रविवार, संध्याकाळी 7:55

काका शेजारी बसलेत, लगेच म्हणाले, "अर्थिंगची पट्टी विसरला."

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे बॉडीला त्याचा लोखंडाने संबंध येत नाही. इंजिन आणि बॉडीमध्ये एक विणलेली तांब्याची पट्टी असते. ती नसली की सेल्फचा सगळा करंट मिळेल त्या वाटेने जातो, आणि लोखंडी वाट म्हणजे चोकची केबल. वायरिंगला बहुतेक काही झालं नसेल.

रंकाळाकाठ | रविवार, रात्री 8:30

डब्यांच्या तळाशी सापडली. मार्चमध्ये काढलेले नटबोल्ट मी डब्यांत भरून प्रत्येकावर चिठ्ठी लावली होती, 'सेल्फ', 'माउंटिंग डावी', असं. पट्टी नटबोल्ट नव्हे म्हणून तिला डबाच मिळाला नव्हता, सुटी पडलेली. दोन्ही टोकं सँडपेपरने घासून, रंग खरवडून लावली. सेल्फ सणसणीत फिरला. तिसऱ्या वेळी लाल दिवा विझला.

रंकाळाकाठ | सोमवार, रात्री 10:20

प्लग लावले, पेट्रोल आलं, पण सुरू होत नाही. कार्ब्युरेटरमधून फट् फट् करून मागे फेकतं, एकदा ज्योतही दिसली. टायमिंगची खूण पुलीवर बरोबर जुळवली होती, फायरिंग ऑर्डर (सिलेंडर पेटण्याचा क्रम) 1-3-4-2 तपासली. वायरी बरोबर आहेत.

स्वाती_चिंचवड | सोमवार, रात्री 10:45

आधी फायर एक्स्टिंग्विशर नाही तर निदान वाळूची बादली जवळ ठेवा. ज्योत दिसली म्हणताय.

आता खुणेबद्दल. चार स्ट्रोकच्या इंजिनात पहिला पिस्टन दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. पुलीवरची खूण दोन्ही वेळा जुळते. तुम्ही डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा) चुकीच्या वेळी बसवला असणार, म्हणजे अर्धा फेरा उलटा. पहिला प्लग काढा, भोकावर अंगठा ठेवा, कुणाला तरी क्रँक पान्याने फिरवायला सांगा. अंगठा आतून ढकलला गेला की ते कॉम्प्रेशन. टॅपेट कव्हर काढलेलं असेल तर चौथ्याचे व्हॉल्व्ह बघा. एक मिटताना दुसरा उघडायला लागला की पहिला कॉम्प्रेशनवर आहे. मग डिस्ट्रिब्युटरमधला फिरणारा रोटर पहिल्याच्या वायरीकडे बघतोय का ते पाहा.

रंकाळाकाठ | मंगळवार, रात्री 9:30

अंगठा ढकलला गेला तेव्हा रोटर चौथ्याकडे बघत होता. डिस्ट्रिब्युटर उचलून अर्धा फेरा फिरवून बसवला.

दुसऱ्या सेल्फला सुरू झाली. आधी एक मिनिट नव्या रंगाचा आणि तेलाचा धूर, मग सायलेन्सरमधून स्वच्छ हवा. निळा धूर नाही. वीस मिनिटं थोड्या रेसवर चालू ठेवली, रेडिएटरचं पाणी हाताला चटका बसण्याइतकं गरम झालं, एअर लॉक सुटून पातळी अर्धा लिटर खाली गेली ती भरली.

बाबा 79 वर्षांचे आहेत. हात थरथरतात म्हणून स्टिअरिंगला बसत नाहीत. दारातून ऐकत होते आणि म्हणाले, "तिसऱ्याचा टॅपेट वाजतोय." थंड झाल्यावर कव्हर काढून फीलर गेज (फट मोजायची पट्टी) घातला. तिसऱ्याचा एक्झॉस्ट सैल होता.

पुतण्या_लालबाग | मंगळवार, रात्री 9:50

काकांना वाचून दाखवलं, त्यांनी डोळे पुसले. ते म्हणतात, "500 किलोमीटरवर ऑइल बदल आणि हेडचे नट थंड इंजिनावर पुन्हा कस. तोवर चाळीस-पन्नासच्या वर नेऊ नको. बाबांना रंकाळ्यावर फिरवून आण."

दर्यावर्दी_मडगाव | बुधवार, सकाळी 8:00

अभिनंदन. एक विचारतो, इंजिन बदलल्यावर आरसी बुकात नोंद लागते ना?

रंकाळाकाठ | बुधवार, सकाळी 8:40

दुसरं इंजिन टाकलं तर लागते. माझा ब्लॉक तोच आहे, नंबर तोच, म्हणून काही नाही. पंधरा वर्षांनंतरचं दर पाच वर्षांचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर मात्र आहेच, ते मागच्या वर्षी झालंय.

चिपळूणचा_अभय | बुधवार, दुपारी 12:10

मी ठाण्यात फ्लॅटमध्ये राहतो, माझी पद्मिनी गावी चिपळूणला आहे, 1979 ची. गणपतीत जाईन तेव्हा क्लच उघडायचा आहे. दादा, त्या नायलॉनच्या दांड्याचं माप मिळेल का?

रंकाळाकाठ | बुधवार, रात्री 9:00

अभय, माप देत नाही, कारण माझ्या गाडीतला बुश लेथवर केलेला आहे, तुझ्या गाडीतला त्याच मापाचा असेलच असं नाही. तुझ्या शाफ्टचं टोक आणि बुशचं भोक स्वतः मोज, मोजताना आधी ग्रीस पुसून घे. पण दांडा पाठवतो. तुला पुढचं टोक ढिलं झालं तर त्यावर इन्सुलेशन टेपचे दोन वेढे दे, जाड झालं तर लेथवर घासून घे. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळव, गणपतीच्या आधी कुरिअर करतो. काम झाल्यावर मात्र परत पाठव, शेडमधल्या खुंटीला टांगायचा आहे.